नंबर देण्याआधी दुसरा कट मागा

'कोल्हापुरातल्या टॉप टेन मिसळी' असा एक तरी व्हिडिओ आठवड्याला माझ्या फोनवर येऊन आदळतो. पद्धत ठरलेली. आधी लालभडक कटाचा क्लोजअप, मग वरून पडणारी शेव स्लो मोशनमध्ये, मग पहिला घास, मोठे झालेले डोळे, 'भावांनो, विषय हार्ड!' आणि स्क्रीनवर आकडा: दहापैकी साडेनऊ. पाच गुण मिळालेली मिसळ या लोकांना कधी भेटतच नाही. सगळीच मुलं मेरिटमध्ये येणारी ही कुठली शाळा?

नंबर लावण्यावर माझा राग नाही. फडतरे भारी, खासबाग भारी की बावडा भारी, यावर आमच्याकडे सख्खे भाऊ भांडतात, आणि ते भांडण छानच असतं. कारण भांडणारा प्रत्येक जण तिथं पन्नास वेळा जेवलेला असतो, खिशातले पैसे मोजून. व्हिडिओवाला एकदाच आलेला असतो, बहुतेक वेळा बोलावल्यावरून. त्याच्या यादीत भांडण नसतं, दहा दुकानांची जाहिरात असते. आणि या जाहिरातीमुळं आता मिसळच बदलायला लागली आहे, म्हणून हे लिहितोय.

मिसळीच्या दुकानांची नावं बघा. ठाण्याची मामलेदार मिसळ मामलेदार कचेरीजवळची. खासबाग मिसळ कुस्तीच्या मैदानापाशी. बावडा मिसळ कसबा बावड्यातली. फडतऱ्यांचं दुकान शिवाजी उद्यमनगरात, जिथं लेथ मशीन आणि फाउंड्र्यांचा आवाज चालू असतो. नावात पत्ता आहे, आणि पत्त्यात गिऱ्हाईक. उताऱ्यासाठी कचेरीत हेलपाटे घालणारा, पाळीवर निघालेला, तालमीतून घामाघूम होऊन आलेला. दुपारपर्यंत पोट धरून ठेवेल असं स्वस्त खाणं त्याला हवं होतं. मटकी, बटाट्याची भाजी, फरसाण, कांदा, वरून कट, सोबत पाव. आणि कट संपला की परत कट. मिसळीच्या किमतीत हे 'परत' धरलेलं असतं.

कॅमेऱ्याला हे दिसत नाही. त्याला लाल रंग दिसतो. आणि लाल रंग आणणं सोपं आहे, ब्याडगी मिरची त्यासाठीच घेतात. ती रंगाला दांडगी, तिखटाला मवाळ. खरा कट ओळखायचा तर फरसाण बाजूला सारा आणि नुसता पाव बुडवून खा. भाजलेल्या खोबऱ्याचा, कांदा-लसणाचा वास आधी यायला पाहिजे, तिखट मागून. नुसतं तिखटच लागलं, तर मसाल्यात चोरी आहे. मटकी दाताखाली लागली पाहिजे, गाळ नको. यातलं काहीही पंधरा सेकंदांत दाखवता येत नाही, म्हणून मग घाम आणि नाकातलं पाणी दाखवतात.

शिवाय एकाच फूटपट्टीनं कुठल्या कुठल्या मिसळी मोजणार? आमच्याकडे कट म्हणतात, पुण्यात सँपल, नागपूरकडे तर्री. पुण्यात बेडेकरांची मिसळ गोडसर, नाशिकला काळ्या मसाल्याची मिसळ मिळते. या एकमेकींच्या चुलतबहिणी आहेत, स्पर्धक नाहीत. २०१५ साली दादरच्या 'आस्वाद'च्या मिसळपावाला लंडनच्या फूडीहब पुरस्कारांत जगातली सर्वांत चविष्ट शाकाहारी डिश ठरवलं. दादरच्या मिसळीला नावं ठेवण्याचं मला कारण नाही, दादरला ती शोभते. पण 'जगात एक नंबर' म्हणजे नेमकं काय, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. कुणाशी तुलना केली? डोशाशी? फलाफलशी?

आता पैशांचं. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सर लोकांसाठी साध्या भाषेत सूचना काढल्या. पैसे घेतले असतील तर सांगा. नुसती वस्तू फुकट मिळाली असेल तरी सांगा. म्हणजे फुकट खाल्लेली मिसळही यात बसते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मिसळीपायी कुणाला १० लाखांचा दंड व्हावा अशी माझी इच्छा नाही. पण 'आज दादांनी पैसे घेतले नाहीत' एवढं एक वाक्य बोलायला किती सेकंद लागतात?

आमच्या भागातल्या एका दुकानाचं काय झालं ते सांगतो. नाव सांगत नाही. चार बाकडी, सकाळी साडेसातला पातेलं उतरायचं, अकराला संपायचं. संपलं की संपलं. कुठल्याशा यादीत ते तिसरं आलं. पुढच्या रविवारपासून बाहेर गाड्या आणि टोकन. मग भाव वाढला; तेही समजू शकतो, तेल-गॅस कुणाला स्वस्त मिळतो? मग ताटात पापड आला, दही आलं, जिलेबी आली, आणि ते 'थाळी' झालं. मग भिंतीवर पाटी लागली: 'जादा कट एकदाच मिळेल.' शेजारच्या गॅरेजमधली पोरं रोज तिथं खायची. ती आता कोपऱ्यावर वडापाव खातात. यादीतल्या लोकांनी नंतर चीज मिसळीचं दुकान शोधलं आणि ते तिकडं गेले. दुकान आहे अजून. कट पातळ झालाय.

यावर 'अहो, पण धंदा वाढला की!' असं उत्तर येतं. वाढला, आणि मालकाचं घर झालं तर मला आनंदच आहे. पण रविवारच्या पाहुण्यांवर चालणारं दुकान मंगळवारच्या गिऱ्हाइकासाठी मसाला भाजत बसत नाही. पाहुणा एकदाच येणार असतो. कट बिघडला हे रोज येणाऱ्यालाच कळतं, आणि तोच उठून गेला तर मालकाला तोंडावर सांगणार कोण?

तेव्हा यादी करणाऱ्या दोस्तांनो, करा. पण मंगळवारी जा, साडेदहाला, पातेलं तळाला गेल्यावर. फोन खिशात ठेवा, पैसे द्या, महिन्याभरानं परत जा. शेजारच्या बाकड्यावर कोण बसलंय ते बघा. सगळेच फोटो काढत असतील तर तसं लिहा. आवडली नाही तर चार गुण द्या आणि का ते सांगा. कोल्हापूरची यादी कोल्हापूरपुरती ठेवा. खरं तर पेठेपुरती ठेवली तर अजून बरं. आणि आकडा टाकायच्या आधी दुसरा कट मागा. तो किती गरम येतो, किती दाट येतो, देणारा कपाळाला आठ्या घालतो का, एवढं दाखवा. तो व्हिडिओ मी शेवटपर्यंत बघेन.