तेरा वर्षांच्या वाचकाला सशाची गोष्ट नको

मुलांच्या पुस्तकांवर ‘वयोगट ८ ते १२’ असं छापलेलं असतं. मूल किती वर्षांचं आहे आणि त्याचं वाचन कुठवर आलंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यात धरलेलंच नसतं. ग्रामीण भारतात पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, हे ‘असर’ची शिक्षणविषयक पाहणी वर्षानुवर्षं सांगते आहे. हीच मुलं पुढे सातवी-आठवीत जातात, मिसरूड फुटू लागतं आणि वर्गाच्या वाचनपेटीतून त्यांच्या वाट्याला ससा-कासव येतं, कारण तेवढंच वाचता येतं. मित्रांनी पाहू नये म्हणून मुलगा ते दप्तरात कोंबतो. त्याला वाचनाची आवड नाही, असा शेरा मग आपण मारतो. हा अन्याय आहे.

एडिंबरोच्या ‘बॅरिंग्टन स्टोक’ या प्रकाशनाने 1998पासून नेमका हाच वाचक धरला. विषय तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा, भाषा आठ वर्षांच्या वाचकाला झेपेल अशी. मराठीत चिमुकल्यांसाठी माधुरी पुरंदरे यांच्यासारख्यांनी उत्तम काम केलं आहे. ‘प्रथम बुक्स’ने पुस्तकांच्या चार पातळ्या पाडल्या, पण खालच्या पातळ्यांवरचं जग बहुतांशी लहानग्यांचंच. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे धावतो सुसाट, पण त्याच्या मागे धावायला सराईत वाचक लागतो.

अशा वाचकासाठी लिहिणं सोपं नाही. ‘सूर्यास्तानंतर विश्वंभरच्या दृष्टीस निर्मनुष्य स्थानक पडले’ या एका वाक्यात अडखळणारा वाचक चार-पाचदा ठेचकाळतो. त्याऐवजी: ‘दिवस मावळला. समीर एकटाच फलाटावर उभा होता. गाडी आलीच नाही.’ एकही जोडाक्षर नाही आणि भीती उलट वाढली. नायकाचं नाव ठेवण्यापासून हा विचार करावा लागतो. पात्रं मोजकी हवीत, कोण बोलतंय ते लगेच कळायला हवं. अक्षर मोठं, पण अंकलिपीसारखं नको. मुखपृष्ठावर फुगे आणि फुलपाखरं तर नकोतच.

आशय मात्र पातळ करायचा नाही. बीडकडची मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि शाळेचे कित्येक महिने फडावर जातात. वाचन मागे पडण्याचं एक कारण तिथेच आहे. पण अनुभवाने ही मुलं शहरातल्या समवयस्कांच्या कितीतरी पुढे असतात. मुकादमाची उचल, रात्रीची ट्रॉली, धाकट्या भावंडाला सांभाळणं, वर्गातल्या मुलीबद्दल वाटणारं काहीतरी: हे त्यांच्या पुस्तकात यायला हवं. मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या मुलाला तर प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा. त्याचा विचार लेखकाने आणखी वेगळा करायला हवा.

लेखकांनी हस्तलिखित आधी अशा एखाद्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावं आणि तो अडेल तिथे वाक्य फोडावं. ‘बालभारती’चं ‘किशोर’ मासिक 1971पासून निघतं आहे. त्याने दर अंकात चार पानं या वाचकासाठी राखून ठेवली, तर प्रकाशकांची वाट न पाहता पुढच्या अंकापासूनच हे काम सुरू होईल.