लहान कुत्र्याला घेऊन प्रवास आणि पाच अतिचार



लग्नसराई जवळ आली की आमच्या महिला मंडळात एक प्रश्न हमखास निघतो. कुत्र्याचं काय करायचं? पूर्वी हा प्रश्न नव्हता. कुत्रं असायचं ते गल्लीचं, आणि भाकरी सगळ्या घरांची. आता मुलं नोकरीला बाहेर, घरात दोघंच, म्हणून कोणाकडे पग आहे, कोणाकडे पॉमेरेनियन, आणि आमच्याकडे सहा किलोची बबडी. मुलानं हौसेनं आणली, तो बंगळुरूला गेला आणि ती माझ्या पदरात पडली. असं किती घरांत झालंय हे तुम्हाला सांगायला नको.

मला आज थोडं स्पष्ट लिहायचं आहे. कुत्र्याला सोबत न्यायचं की नाही हे आपल्या हौसेवर ठरवू नये, आणि न्यायचं ठरलं तर तयारी महिनाभर आधी सुरू करावी. आदल्या रात्री साड्या बॅगेत भरता भरता ती होत नाही.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेत आपण सगळ्यांनी घोकलेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातले. लहानपणी ते म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर उसाची बैलगाडी यायची. आता घरी बैल नाही, गाडी नाही, म्हणून हे अतिचार आपल्याला लागू नाहीत असं आपण धरून चालतो. मला तर वाटतं, ते मोटारीच्या मागच्या सीटवर जास्त घडतात. गंमत म्हणजे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं अकरावं कलम वाचलं तर तिथेही जवळपास हीच यादी आहे. मारणं, जास्त ओझं लादणं, हलताही येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं, आखूड साखळीनं बांधणं, खायला-प्यायला न देणं. सरकारला जे 1960 साली लिहावं लागलं ते आपल्या आचार्यांनी शेकडो वर्षं आधी सांगून ठेवलं होतं. मग निदान आपल्याला तरी ते कोणी शिकवायची वेळ येऊ नये.

आता बंध. कुत्र्याला पेटीत किंवा जाळीच्या पिशवीत घालणं हा बंध आहे का? माझं मत असं की तयारी केली तर नाही, न केली तर आहे. बबडीची पेटी मी प्रवासाच्या चार आठवडे आधी हॉलच्या कोपऱ्यात दार उघडं ठेवून मांडते. आत तिचीच जुनी गोधडी, न धुतलेली, कारण तिचा वास तिला ओळखीचा असतो. ताटली आतच. पहिले काही दिवस ती मान आत घालून खाते, मग आत बसून खाते, मग दुपारची झोपही तिथेच काढते. त्यानंतर दार दोन मिनिटं लावायचं, पुढे दहा. मग गाडीत ठेवून कोपऱ्यापर्यंत एक चक्कर. उभं राहता येईल, वळता येईल, अंग टाकून झोपता येईल एवढी पेटी हवी. दिसायला छान म्हणून टोपलीएवढी घेऊ नका. आणि ती पेटी मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधलेली असावी. मांडीवर बसवून, खिडकीतून तोंड बाहेर काढून नेणं फोटोत बरं दिसतं, पण जोरात ब्रेक लागला की मांडीवरचं सहा किलोचं जनावर हातात राहत नाही. गळ्यातला पट्टा सुती किंवा नायलॉनचा घ्या, चामड्याचा नको, हे आपल्यात वेगळं सांगायला नको. त्यावर आपला फोन नंबर मात्र लिहा.

अन्नपाननिरोधाबद्दल मला जास्त बोलायचं आहे.

गाडी लागू नये म्हणून निघण्याआधी तीन-चार तास पोटभर जेवण देऊ नये, असं डॉक्टर सांगतात. पाणी चालू ठेवायचं. कुत्रं सारखं जांभया देऊ लागलं, लाळ गाळू लागलं की त्याला मळमळतंय हे ओळखावं आणि गाडी थांबवावी. हे जेवण थांबवणं त्याच्या भल्यासाठी आहे, यात अतिचार नाही. पण "वाटेत घाण नको" म्हणून सकाळपासून पाणीसुद्धा न देणं हा सरळसरळ अन्नपाननिरोध आहे, मग गाडीत णमोकार मंत्राची सीडी लावलेली का असेना.

दुसरं त्याहून नाजूक. दशलक्षणात "आमच्या कुत्र्यानंही उपवास केला" असं कौतुकानं सांगणाऱ्या बायका मी ऐकल्या आहेत. प्रवासातही तसंच, सूर्यास्त झाला म्हणून उपाशी ठेवलं आणि वर अभिमान. मी याला विरोध केला तेव्हा एका वहिनींनी मला ऐकवलं की भगवान महावीरांच्या पूर्वभवात सिंहानं आहार सोडला होता. सोडला होता ना! संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंचाला व्रत घेता येतं हे मी नाकारतच नाही. पण त्या सिंहाला मुनींचा उपदेश मिळाला आणि त्यानं स्वतः आहार सोडला. त्याच्यापुढून कोणी ताट उचलून नेलं नव्हतं. ज्याचा त्याग त्याचं व्रत. रात्रिभोजनत्याग माझा आहे, बबडीवर मी तो लादू शकत नाही. म्हणून मी आमचं निघणंच असं ठरवते की सांगलीहून पहाटे निघून दुपारी पुण्यात पोहोचू आणि उजेडी तिचं जेवण होईल. पण खंबाटकी घाटात गाड्या अडकल्या आणि अंधार झाला, तर मी तिला दहीभात घालते. सहाव्या प्रतिमेच्या अक्कांना हे पटणार नाही हे मला ठाऊक आहे. त्यांनी अशा प्रवासाला कुत्रं घेऊन निघूच नये, एवढंच मी नम्रपणे म्हणेन.

(आपल्या स्वयंपाकाचा एक फायदा. कांदा आणि लसूण कुत्र्यांना विषारी असतात, त्यामुळे आपल्या डब्यातला घास तेवढ्यापुरता निर्धोक. पण मनुके आणि द्राक्षंही त्यांना घातक आहेत, तेव्हा लग्नघरचा मनुक्यांचा लाडू प्रेमानं भरवू नका. सांगली-तासगावकडच्या बायकांनी तर विशेष जपावं, आपल्या घरात बेदाणा कुठेही सांडलेला असतो.)

रेल्वेचं म्हणाल तर पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला, मग ते सहा किलोचं का असेना, आपल्याबरोबर डब्यात नेता येतं ते प्रथम वर्गात, आणि तेही दोन किंवा चार बर्थची अख्खी खोली आपल्या नावावर असेल तर. एरवी गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी. पार्सल ऑफिसात नोंदणी, लसीचा दाखला, डॉक्टरांचा दाखला हे सगळं लागतं. पेटीतल्या जनावराचं खाणंपाणी मालकानंच बघायचं असतं, म्हणजे प्रत्येक मोठ्या स्टेशनवर गाडीच्या टोकापर्यंत धावायचं. आपल्या वयाला ते जमणार आहे का? मी बी.कॉम. झालेली बाई, हिशेब आधी मांडते. चार बर्थचं भाडं एका बाजूला आणि शेजारच्या मुलीला चार दिवस घरी येऊन राहायला दिलेले पैसे दुसऱ्या बाजूला. बहुतेक वेळा उत्तर कागदावरच मिळतं. विमानाचं वजनाचं बंधन प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं आणि पिशवीसकट मोजतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी विचारावं.

झोपेचं औषध देऊन नेणं मला अजिबात मान्य नाही. डॉक्टरांनी तपासून, कारणानं दिलं तर गोष्ट वेगळी. पण "गप्प पडून राहील" म्हणून कोणाकडची तरी गोळी अर्धी करून देणं फार वाईट. पग किंवा शीत्झूसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना आधीच श्वास कमी पडतो. घामानं अंग थंड करणं कुत्र्यांना आपल्यासारखं जमत नाही, ती धापा टाकून उष्णता बाहेर टाकतात. त्यांना गुंगीत, उन्हात, बंद गाडीत ठेवलं तर काय होईल हे वेगळं लिहायला नको. उभ्या गाडीत काचा लावून दर्शनाला जाऊ नका. दहा मिनिटांत आतलं तापमान सुमारे दहा अंशांनी चढतं.

यावरूनच तीर्थक्षेत्राचं. कुंथलगिरी, बाहुबली, श्रवणबेळगोळ, कुठेही असो, कुत्रं घरीच ठेवा. धर्मशाळेत मुनींचा चौका लागलेला असतो. आपलं जनावर तिथे शिरलं आणि अंतराय आला तर ते कोणाच्या माथी? आणि पायथ्याशी तापलेल्या फरशीवर बांधून ठेवणं हा पुन्हा बंधच. तळहाताची मागची बाजू त्या फरशीवर सात सेकंद टेकवून बघा. जीवंधरकुमारांनी मरणाऱ्या कुत्र्याला णमोकार मंत्र ऐकवला ही कथा आपण मुलांना सांगतो. पण कुत्र्याला पायऱ्या चढवून आणा असं त्या कथेत कुठे आहे?

गोचिडांच्या औषधाबद्दल बऱ्याच जणी मला हळूच विचारतात. प्रवासात दुसऱ्या कुत्र्यांशी संबंध येतो, म्हणून मी रोज फणी फिरवते, अंथरूण उन्हात टाकते, आणि एवढ्यानं भागत नसेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं औषध लावते. गोचिडतापानं कुत्रं मरतं. यात हिंसा आहे, ती मी लपवत नाही आणि प्रतिक्रमणात म्हणते.

माझ्या पिशवीत असतं ते असं. घरचं गाळलेलं पाणी दोन बाटल्या, वाडगा, रेबीजच्या लसीची नोंद असलेलं कार्ड (लस ताजी असेल तर निदान तीन आठवडे आधीची), जुना टॉवेल, वर्तमानपत्रं, जादा पट्टा. दर दोन तासांनी थांबतो. दार उघडण्याआधी पट्टा अडकवायचा, नंतर नाही. रस्त्याकडेला घाण झाली तर कागदानं उचलायची, आणि हिरव्या गवतावर किंवा मुंग्यांच्या वारुळाशी न्यायचं नाही, कोरडी मोकळी जागा बघायची.

आणि न्यायचं नाही असं ठरलं, तर वॉचमनच्या हातात बिस्किटाचा पुडा देऊन निघू नका. ज्याच्याकडे ठेवणार त्याला आठ दिवस आधीपासून रोज संध्याकाळी घरी बोलवा, ताटली त्याच्या हातानं ठेवू द्या. आमच्याकडे शेजारची कॉलेजची मुलगी येते. तिला लागणारा चहा-साखरेचा डबा मी वरच्या फळीवरून खाली काढून ठेवते.