रानपिंगळ्याच्या ढोलीचा प्रश्न

मेळघाटची चर्चा निघाली की ती वाघांच्या संख्येपाशी येऊन थांबते. देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत गणल्या गेलेल्या अरण्याबाबत ते स्वाभाविकही आहे. मात्र याच सागवनात असा एक पक्षी पिले वाढवतो, ज्याला शास्त्रज्ञांनी शतकभर जवळजवळ नामशेषच मानले होते. ह्यूम यांनी १८७३ मध्ये वर्णिलेला रानपिंगळा १८८४ नंतर कोणाच्या हाती लागला नाही. १९१४ चा म्हणून मिरवला गेलेला नमुना तर संग्रहालयातून चोरून त्यावर नवी चिठ्ठी डकवलेला निघाला! नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळ हा पक्षी जिवंत दिसला आणि पुढे मेळघाटात त्याची मोठी वस्ती आढळली.

२०१८ मध्ये 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून त्याला 'संकटग्रस्त' वर्गात आणले गेले. हा बदल पक्षी वाढल्यामुळे झालेला नाही. तो अधिक ठिकाणी सापडला, इतकेच. प्रौढ पक्ष्यांची अंदाजित संख्या आजही हजाराच्या आतच आहे.

रानपिंगळा घरटे बांधत नाही आणि चोचीने खोड कोरण्याचे सामर्थ्यही त्याच्यात नाही. जुन्या झाडाची आयती ढोली हीच त्याची बाळंतिणीची खोली. मादी सहसा दोन अंडी घालते व उबवत बसते. त्या काळात सरडे, उंदीर, किडे आणून तिला पोसण्याचा भार नरावर असतो. पिले सुमारे महिनाभर ढोलीतच राहतात. विणीचा हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत लांबतो आणि मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, तोही नेमका याच सुमारास. वणवा भडकला की उडू न शकणाऱ्या पिलांना पळवाट उरत नाही.

याचा दोष एकट्या कोरकू बांधवांच्या माथी मारणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. वाकडे, पोकळ, वाळलेले झाड निरुपयोगी ठरवून आधी तोडण्याची शिकवण शास्त्रोक्त म्हणवणाऱ्या वनव्यवस्थापनानेच रुजवली. ढोली तयार व्हायला कित्येक दशके लागतात; रोपवनातील सरळसोट सागाला ती पडेपर्यंत त्याच्या कापणीची पाळी येते. तेव्हा प्रत्येक वर्तुळात ढोलीची झाडे खुणा करून राखणे, हे वनखात्याचे पहिले काम ठरते. सरपणाऐवजी गॅस वापरायचा, तर सिलिंडर पुन्हा भरून घेणे गावकऱ्यांना परवडले पाहिजे. मोहाखालचा पाचोळा पेटवण्याऐवजी झाडून घेता येतो; त्या श्रमाची मजुरी देण्यास मोठ्या निधीची गरज नाही. फक्त ती होळीपूर्वी हातात पडायला हवी.