‘फारच सुंदर’ आता पुरे!

आपल्या धर्मग्रामातील हौशी चित्रकार मरियामातेचे चित्र पूर्ण होताच भ्रमणध्वनीवरून सर्वांना पाठवतात. उत्तरादाखल जोडलेले हात आणि ‘फारच सुंदर!’ बाळ येशूची मान अवघडली आहे, हे सांगण्यास कोणी धजत नाही. यालाच का बंधुप्रेम म्हणायचे? गोमंतकीय चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी मरियेला साडी नेसवली, तेव्हा स्वधर्मीयांनीच त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. ती टीका अन्याय्यच होती. पण निदान टीकाकारांनी साडी तरी पाहिली होती! आजचे स्तुतिपाठक तेवढेही पाहत नाहीत. आगमनकाळात आलेल्या चित्राबद्दल एकाने जरी ‘मान पुन्हा रेखाटा’ असे प्रेमाने कळवले, तरी नाताळपर्यंत ती सुधारता येईल.