‘असं नाही म्हणत’

माझ्या वर्गातला एक इंदूरचा विद्यार्थी घरमालकीणबाईंना म्हणाला, “माझ्या बायकोने मराठी लवकर शिकली.” बाईंनी लगेच टोकलं, “असं नाही म्हणत. ‘माझी बायको मराठी लवकर शिकली’ म्हणायचं.” सल्ला बिनचूक. पण याने विचारलं, “का?” बाई क्षणभर थांबल्या नि म्हणाल्या, “शिकणं आपलं आपल्यासाठी असतं ना, म्हणून तिथे ‘ने’ नाही.” पुढच्या तासाला स्वारी वर्गात सांगते, “काल माझा मुलगा सगळा आंबा खाल्ला.” मी दुरुस्त केलं, तर त्याचा बिनतोड युक्तिवाद: मुलाने आंबा स्वतःसाठीच खाल्ला, कुणालाही दिला नाही!

हसण्यावारी नेऊ नये असा हा प्रसंग आहे. शिकणे, विसरणे, पिणे, म्हणणे ही मोजकी क्रियापदं सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्याच्या मागे जातात. ती गाणं शिकली, तो पाणी प्यायला, मी नाव विसरले. खाणे त्या यादीत नाही. हिंदीत ‘उसने सीखी’ चालतं, म्हणून हिंदीभाषक इथे हमखास अडखळतो. बाईंना ही यादी कधी पाठ करावी लागली नाही. त्यांच्या कानाने चूक अचूक पकडली. कारण मात्र त्यांनी जागेवर रचलं, तेही आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून. विद्यार्थ्याने कान आणि कारण दोन्हींना सारखंच प्रमाण मानलं.

‘असं नाही म्हणत’ या तीन शब्दांत आपण काय काय भरतो, ते एकदा ऐकून पाहा. कधी अर्थ ‘मराठीत हे होतच नाही’ असा असतो, कधी ‘लिहिताना नको’ असा, आणि पुष्कळदा ‘आमच्याकडे असं बोलत नाहीत’ असा. तिसऱ्यात ‘आमच्याकडे’ हा शब्द गिळलेला असतो, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. कोल्हापुरात एखादी विद्यार्थिनी शेजारणींकडून ‘मी येतो’ उचलते. पुण्यात आल्यावर तिला सांगतात, बाईमाणसाने ‘येते’ म्हणायचं. आपण दोन वर्षं चुकीचं बोलत होतो, असं तिला वाटतं. प्रत्यक्षात ती फक्त गाव बदलून आलेली असते. ‘तो मला बोलला’चंही तेच. ‘म्हणाला’ म्हणा, असं बजावणाऱ्या एका गृहस्थांना त्याच संध्याकाळी फोनवर “मी त्याला बोललो होतो” म्हणताना मी ऐकलं आहे. ते खोटं बोलत नव्हते. माणूस स्वतः काय बोलतो, हे त्यालाच सगळ्यात कमी ऐकू येतं.

त्याहून अवघड शब्द ‘चालेल’. शिकणाऱ्याला तो हिरवा कंदील वाटतो. आपण मात्र तो ‘कळलं, आता पुढे बोला’ अशा अर्थानेही वापरतो. ‘माझी मदत करा’ याला दहा जणांनी ‘चालेल’ म्हटलं की ‘मला मदत करा’ शिकवायला आपल्याला दुप्पट वेळ लागतो. आणि न बोलता दिलेला सल्ला तर विचारूच नका: समोरचा अडखळत मराठी बोलतोय आणि आपण सौजन्याने हिंदीत उत्तर देतोय!

एकाच कानावर विसंबण्याचा प्रश्न जुनाच आहे. विल्यम केरीचं मराठी व्याकरण 1805 साली श्रीरामपूरला छापलं गेलं. बंगालात बसलेल्या केरीचा मुख्य आधार होता नागपूरकडच्या वैजनाथ पंडितांचा. पडताळून पाहायला आजूबाजूला मराठी बाजार नव्हता. याउलट मॅक्सिन बर्नसन अमेरिकेतून येऊन फलटणला राहिल्या आणि एका गावात किती तऱ्हांनी मराठी बोललं जातं, यावरच त्यांनी 1973 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पीएच.डी. केली. जाई निंबकरांबरोबर त्यांनी लिहिलेलं मराठीचं संदर्भ-व्याकरण 1975चं. आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात ते असेल, नसल्यास असावं.

विद्यार्थ्याला ‘बाहेरच्यांचं ऐकू नकोस’ सांगणारे शिक्षकही मला माहीत आहेत. मला ते पटत नाही. आठवड्यातले तीन तास तो आपल्याकडे असतो, बाकी सगळा वेळ त्यांच्याकडे. मी हल्ली वहीत सल्ल्याशेजारी तो कुणी दिला, त्या व्यक्तीचं गाव कोणतं आणि प्रसंग काय होता, हे लिहायला लावते. ‘बरोबर आहे का?’ आणि ‘का?’ हे दोन्ही प्रश्न वर्गासाठी राखून ठेवायचे, बाहेर वापरायचे नाहीत, एवढी एक अट घातली आहे.

इंदूरकराने घरी जाऊन आंब्याचं ते वाक्य बाईंना ऐकवलं. “असं नाही म्हणत,” बाई म्हणाल्या. या वेळी त्याने ‘का’ विचारलं नाही. “मग तुम्ही काय म्हणाल?” बाईंनी मुलाकडे पाहिलं. “मी? मी म्हणेन, फस्त केला मेल्याने!”

वहीत ते वाक्य आहे. शेजारी लिहिलंय: घरमालकीणबाई, सातारा, लाडाने.