‘स्प्रिंट’ नव्हे, घाणा

२००१च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ संगणकतज्ज्ञांनी ‘अजाइल’ कार्यपद्धतीचा जाहीरनामा सिद्ध केला. प्रक्रिया व साधने यांहून माणसे आणि त्यांचा परस्परसंवाद मोलाचा, हे त्यातील पहिले मूल्य. अनेक कंपन्यांत त्या संवादाची आज रोजची हजेरी झाली आहे. आम्हां भाषेच्या अध्यापकांना त्याहून खुपतो तो ‘स्प्रिंट’ हा शब्द. मैदानावर अशी धाव संपली की धावपटू दम घेतो. इथे एक संपताक्षणी दुसरी सुरू होते. ‘स्क्रम’च्या मार्गदर्शिकेतच तसा दंडक आहे. मराठीत याला घाण्याला जुंपणे म्हणतात. आणि कामाच्या तुकड्याला नाव काय, तर ‘स्टोरी’! तिला गुण द्यायचे, बेरजेवरून चमूचा वेग मोजायचा. कथेला गुण देण्याचा उद्योग उत्तरपत्रिका तपासताना आम्हीही करतो. पण त्यातून कथाकाराचा वेग काढावा, हे आम्हांला कधी सुचले नाही.