आधी पाय, मग बंदूक



जून महिना लागला की आपल्या बेटावर हरणांच्या शिकारीचे, म्हणजे लाशासचे, दिवस येतात. डच लोकांनी १६३९ साली जावाहून आणलेल्या हरणांचा हा वंश. पण आपल्याकडची थंडी ती केवढी! एक स्वेटर घातला की भागते. जर्मनीत मोठे हाके होतात ते नोव्हेंबर ते जानेवारीत, ओल्या पाचोळ्यात नाहीतर बर्फात. शिकारी मचाणावर तास न् तास न हलता बसतो आणि आधी गारठतात ते त्याचे पाय.

शिकार करावी की करू नये, हा वाद आज आम्ही घालत नाही. आमचे म्हणणे पायांपुरतेच आहे.

जर्मनीत शिकारीचा परवाना हवा असेल तर लेखी, तोंडी-प्रात्यक्षिक आणि नेमबाजी अशी तिहेरी परीक्षा द्यावी लागते. जखमी जनावराला तडफडत ठेवू नये, असे तेथील कायदा सांगतो. आता ज्याचे पाय बधिर झाले आहेत, अंगाला कापरे भरले आहे, त्याचा नेम स्थिर कसा राहणार? तो घाईने गोळी झाडतो आणि त्याची शिक्षा मुक्या प्राण्याला भोगावी लागते. म्हणून पाय ऊबदार ठेवणे ही चैन नव्हे, ते शिकाऱ्याचे कर्तव्य आहे.

उपाय साधे आहेत. सुती मोजे घामाने भिजले की थंड पडतात. लोकरीचे मोजे ओले झाले तरी थोडी ऊब धरतात. दोन-तीन मोजे कोंबून बूट घट्ट करू नयेत, कारण रक्त फिरेनासे होते आणि पाय अधिकच गारठतात. गमबूट बाहेरचे पाणी अडवतो, पण आतला घामही अडवतो. म्हणून चालून आल्यावर मचाणावर कोरडे मोजे चढवावेत. पाय बधिर झाले तर ते चोळू नयेत व शेकोटीलाही लावू नयेत. भाजले तरी कळत नाही. ओले बूट वर्तमानपत्राचे बोळे भरून सुकवावेत.

परंतु मचाणावरच्या माणसाला हे सारे विकत घेता येते. काट्याकुट्यांतून, चिखलातून जनावर उठवणाऱ्या हाकाऱ्यांचे काय? जर्मनीत हाकाऱ्यांनाही कायद्याने अपघात विम्याचे संरक्षण आहे, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. ज्याच्यासाठी आपण चालतो, त्याच्यावर आपली जबाबदारी असते, हे त्यात मान्य केले आहे.

पहिल्या महायुद्धात १९१४-१५ च्या हिवाळ्यात फ्रान्स-बेल्जियमच्या ओल्या खंदकांत हजारो शिपायांचे पाय सडले. हिंदी शिपाईही तेथे होते. कडाक्याचा बर्फ नसला तरी नुसत्या थंड ओलाव्याने हे होते. पुढे शिपायांचे पाय तपासून घेण्याची जबाबदारी अधिकाऱ्यांवर टाकण्यात आली, तेव्हा कोठे हा रोग आटोक्यात आला.

'पायातली वहाण पायातच बरी' असे आपण म्हणतो. पण आपल्या पणजोबा-पणजींनी उसाच्या मळ्यांत अनवाणी दिवस काढले. वहाणेची किंमत आपल्याइतकी कोणाला ठाऊक असणार? म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे की, जर्मनीत असो वा ब्लॅक रिव्हरच्या रानात, जो शिकारीचे आमंत्रण देतो त्याने हाका सुरू होण्यापूर्वी प्रत्येक हाकाऱ्याच्या पायांकडे पाहावे. बूट फाटका असेल तर दुसरा द्यावा, आणि दुपारी बदलायला कोरडे मोजे द्यावेत. एवढा खर्च ज्याला जड वाटतो, त्याने शिकारीचा बेतच करू नये.

आपल्यातील ज्या घरांतून मुले-मुली शिक्षणासाठी वा नोकरीसाठी जर्मनीला जात आहेत, त्या आईवडिलांनीही लोणच्याच्या बरणीबरोबर लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड पेटीत घालावेत, ही विनंती.